एकाच काचेचे दोन धागे

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या शाळेच्या मोठ्या हॉलवर पत्रे आहेत. पत्र्याखाली दुपारचा तास घेतलेल्यांना पुढचे सांगायला नकोच. अकरा वाजून गेले की मुलींच्या वह्या लिहिण्यासाठी कमी आणि वारा घेण्यासाठी जास्त वापरल्या जातात, आणि जुहरनंतरच्या तासाला शिकवणारीलाही आपण काय बोलतो आहोत याची शुद्ध राहत नाही. या वर्षी संस्थेने मनावर घेतले आणि पत्र्याखाली ग्लासवूल बसवायचे काम काढले. पिवळसर कापसाच्या गादीसारखे मोठमोठे गुंडाळे ट्रकमधून उतरले. नेमक्या त्याच आठवड्यात संगणकाच्या खोलीत इंटरनेटची नवी लाईन ओढायला दोन मुलगे आले आणि केसासारख्या बारीक, चमकणाऱ्या धाग्याचे कापलेले तुकडे खिडकीत ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी दोन बाटल्या घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. एकीत ग्लासवूलची चिमूट, दुसरीत त्या धाग्याचे तुकडे.

"टीचर, हे पण काच आणि ते पण काच?"

"हो."

"मग एक ऊन अडवतं आणि एक उजेड नेतं, असं कसं?"

आधी मी तिला हात धुवायला पाठवले, कारण काचेची कूस बोटात शिरली की दिसत नाही, फक्त टोचत राहते. मग वर्गात जमेल तेवढे उत्तर दिले. ते मलाच अपुरे वाटले. सुट्टीत या विषयाचा जरा पाठपुरावा केला, तेव्हा एका माणसाची ओळख झाली. त्याचे नाव मी बीएडला असतानाच काय, आजवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचले नव्हते. जेम्स फ्रँकलिन हाईड. अमेरिकेतला रसायनशास्त्रज्ञ. जन्म १९०३, मृत्यू १९९९. माझ्या विद्यार्थिनीच्या दोन्ही बाटल्यांशी या एकाच माणसाचा संबंध निघाला.

पण सुरुवात पहिल्या बाटलीपासून करू.

काचेचा धागा ही तशी नवी गोष्ट नाही. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लिबी यांच्या काच कंपनीने काचेचे धागे आणि रेशीम विणून केलेला बायकांचा एक पोशाख मांडला होता. बघायला सुंदर, पण तो अंगात घालून बसायचे कसे, हा विचार कोणी केला नसावा! पुढे चाळीसेक वर्षे हा धागा नवलाईचाच राहिला, कारण तो भरपूर आणि स्वस्तात काढायची युक्ती कोणाकडे नव्हती.

ती सापडली १९३२ साली आणि तीही भलतेच काहीतरी करताना. ओवेन्स-इलिनॉय ही बाटल्या करणारी कंपनी. मंदीचे दिवस होते, म्हणून ती इमारतीसाठी काचेच्या पोकळ विटा करून पाहत होती. त्या विटेचे दोन भाग घट्ट जोडण्यासाठी डेल क्लाईस्ट नावाचा तरुण वितळलेली काच फवाऱ्याने उडवत होता. जोड काही नीट बसेना. मात्र हवेच्या झोतात काचेचे बारीक बारीक तंतू उडून सगळीकडे पसरू लागले. दुसरा कोणी असता तर त्याने झाडू मागवला असता. पण त्याच ठिकाणी गेम्स स्लेटर नावाचे अभियंते काचेची लोकर करण्याच्याच मागे लागले होते. त्यांना त्या कचऱ्यात आपले काम दिसले. हवेऐवजी वाफेचा झोत वापरला तर तंतू आणखी बारीक निघतात, हे लवकरच कळले. १९३३ साली स्लेटर यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३८ मध्ये ते मंजूर झाले. आज कारखान्यात फिरत्या चकतीच्या बारीक छिद्रांतून काच बाहेर फेकतात. जत्रेत म्हातारीचे केस कसे काढतात ते आठवा. तेच, फक्त साखरेच्या जागी काच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग. ही लोकर ऊन कसे अडवते? खरे तर काच उष्णता फारशी अडवतच नाही. अडवते ती तंतूंच्या जाळीत कोंडलेली हवा. आपली रजई घ्या. नवी पिंजलेली रजई ऊब देते, पण तीच वर्षानुवर्षे दबून चपटी झाली की थंडी वाजते. कापूस तोच आणि तेवढाच, मग कमी काय झाले? हवा. खिडकीची काच जेवढी उष्णता पलीकडे जाऊ देते, तेवढ्याच जाडीची ग्लासवूल तिच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाइतकीच जाऊ देते. थंड मुलुखात ती घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि आपल्याकडे पत्र्याची आग आत येऊ देत नाही. दोन्हीकडे काम एकच. एक सूचना करून ठेवते, कारण हल्ली घरोघरी हे बसवतात. ग्लासवूल हाताळताना मोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर मास्क हवाच. बसवल्यावर ती उघडी सोडू नये, खालून आच्छादन घालावे. आणि भिजली तर तिचा उपयोग संपला, कारण हवेची जागा पाण्याने घेतली.

एव्हाना न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावची काच कंपनीही याच धाग्याच्या मागे होती. पुढे १९३८ साली दोन्ही कंपन्यांनी मिळून ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी काढली. आणि या कॉर्निंगमध्येच आपले हाईड होते.

त्यांना तिथे नेमण्याचे कारण मोठे मजेशीर आहे. त्या काळात प्लास्टिक बाजारात येऊ लागले होते आणि काचवाल्यांच्या पोटात गोळा आला होता. उद्या आपला धंदा हे प्लास्टिक खाऊन टाकेल की काय? म्हणून त्यांनी सेंद्रिय रसायनाचा माणूस, म्हणजे प्लास्टिकच्या गोत्रातला माणूस, घरात आणून बसवला. त्याला काम दिले की काच आणि प्लास्टिक यांच्यामधले काही निघते का ते पाहा. काचेच्या कारखान्यात काच न शिकलेला माणूस! बाकीचे लोक वाळू, भट्टी आणि कोळसा यांच्या भाषेत बोलत. हाईड द्रव, वाफ आणि ऊर्ध्वपातन यांच्या भाषेत विचार करत. दोन भाषांच्या शाळेत अर्धे आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला हे लगेच कळते. जी गोष्ट एका भाषेत सुचत नाही ती दुसरीत आपसूक सुचते.

त्यांच्यापुढचा एक प्रश्न काचेच्या धाग्याचाच होता. काचेच्या धाग्याची पट्टी विणून ती विजेच्या मोटारीतल्या तारांभोवती गुंडाळता येत होती. काच तापमान सोसते, पण धागे एकमेकांना धरून ठेवणारे राळेचे लेपण सोसत नव्हते. मोटार तापली की ते करपायचे. काचेइतकाच ताप सोसणारे लेपण हवे होते. हाईड यांनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग या प्राध्यापकांचे जुने काम उघडले. किपिंग यांनी सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर जवळपास आयुष्य घालवले होते. प्रयोगात तळाशी एक चिकट पदार्थ राही. त्याचा त्यांना वैताग येई, आणि १९३७ सालच्या एका व्याख्यानात या सगळ्या शाखेला काही मोठे भवितव्य दिसत नाही असेच त्यांनी सांगून टाकले. त्यांनी टाकून दिलेला चिकटाच हाईड यांना हवा होता. त्याची कणा-रचना सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, म्हणजे वाळू आणि काचेची. त्याला बाजूने सेंद्रिय गट जोडलेले. काचेसारखा सोशिक आणि प्लास्टिकसारखा लवचीक. हेच सिलिकोन.

त्यातून १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांच्या इंजिनातली विजेची जोडणी दमटपणापासून वाचवायला हेच सिलिकोन लेपले गेले. आज तुमच्या खिडकीच्या काचेच्या कडेने गनने भरलेली रबरासारखी रेघ पाहा, किंवा मुंबईतल्या त्या आरशासारख्या काचेच्या इमारती पाहा. त्या काचा ज्याने धरून ठेवल्या आहेत तो पदार्थ याच कुळातला. स्वयंपाकघरातला केकचा मऊ साचाही त्याच घराण्यातला.

इथवरच थांबले असते तरी हाईड मोठेच होते. पण माझे मन गुंतले ते त्यांच्या दुसऱ्या कामात, कारण त्याची गोष्ट अधिक विलक्षण आहे.

खिडकीच्या काचेचा तुकडा हातात घ्या आणि कडेकडून आत बघा. हिरवट दिसेल. समोरून बघताना पाच मिलिमीटर जाडी म्हणून ती स्वच्छ वाटते, कडेने पाहिली की खरे कळते. तो हिरवा रंग वाळूत आलेल्या लोखंडाचा. वाळू कितीही धुवा, भट्टी कितीही साफ ठेवा, थोडे लोखंड राहतेच. शुद्ध सिलिका वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान हवे, म्हणून नेहमीच्या काचेत सोडा आणि चुना घालतात, आणि त्यांच्याबरोबर आणखी अशुद्धी येते.

हाईड यांनी वाळू वितळवलीच नाही. त्यांनी सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाचा द्रव घेतला. तो साधारण ५७ अंशांना उकळतो. त्याची वाफ केली की लोखंडासारखी घाण मागे राहते. आपल्याकडे गुलाबपाणी काढताना देठ आणि पाकळ्या खाली राहून सुगंधाची वाफ वर जाते, तसेच हे. ही वाफ त्यांनी ज्योतीत सोडली. ज्योतीत तिचे सिलिका झाले, म्हणजे अतिशय बारीक पांढरी काजळी. ज्यांच्या घरात अजून दिव्यावर ताटली धरून काजळ धरतात त्यांना हे समजवायला चित्राची गरज नाही. आपली काजळी काळी, ही पांढरी. ती साठली आणि तापली की पारदर्शक काच. तोपर्यंत जगात कोणी इतक्या शुद्धपणे बनवली नव्हती अशी.

या पद्धतीच्या पेटंटचा अर्ज १९३४ चा. हाईड तेव्हा ३१ वर्षांचे होते. पेटंट मंजूर झाले १९४२ मध्ये.

पण एवढ्या स्वच्छ काचेचे करायचे काय? बाटली करायला ती परवडत नाही, खिडकीला तिची गरज नाही. काही वर्षे रडारच्या भागांत तिचा वापर झाला, पुढे दुर्बिणींचे आरसे आणि अवकाशयानांच्या खिडक्या आल्या. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसाही याच ज्योतीच्या पद्धतीने केलेल्या, थोडे टायटॅनियम घातलेल्या काचेचा आहे. कामे मोठी, पण मोजकी. रोजच्या जगण्यात या काचेला जागा नव्हती.

आता दुसरी बाटली उघडू. मुलीच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग.

उजेड सरळ जातो, मग वळणाऱ्या धाग्यातून कसा जाईल? १८४१ च्या सुमारास जिनिव्हामध्ये दानिएल कोलाडॉन यांनी भांड्यातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत दिवा सोडला. उजेड धारेबरोबर वाकून खाली आला. पाण्यातून हवेत जाताना उजेड तिरपा वळतो, पण फारच तिरपा आला तर बाहेर पडतच नाही, आतल्या आत परततो. दहावीच्या मुलींना मराठीत मी याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकवते, उर्दूत कुल्ली दाखिली इन्इकास. ज्या अपवर्तनाच्या नियमावर हे उभे आहे, तो इब्न सहल यांनी बगदादमध्ये ९८४ च्या सुमारास भिंगांवरच्या आपल्या ग्रंथात वापरला होता. पुस्तकात तो स्नेल यांच्या नावाने येतो, म्हणून मी फळ्यावर दोन्ही नावे लिहिते. मात्र यावरून 'इंटरनेट आमच्याच पूर्वजांनी शोधले' असे कोणी म्हणू लागले तर त्याला मी खाली बसवते. इब्न सहल भिंगे घडवण्याच्या नादात होते. त्यांचे श्रेय तेवढेच, आणि ते पुरेसे मोठे आहे.

काचेच्या धाग्यातून चित्र नेण्याचे काम पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत केले. ते १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी अशाच धाग्यांच्या जुडीने रुग्णाच्या पोटात डोकावून पाहिले. आज आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची एंडोस्कोपी होते तिची ही सुरुवात. पोटात जायला धागा हातभर लांबीचा लागतो, त्यामुळे काच थोडी मळकी असली तरी चालत होते. फोनसाठी मात्र तो गावोगाव न्यायचा होता, आणि उजेड तर वीस मीटरमध्येच संपत होता. संपत होता म्हणजे शंभरातला एक हिस्सा उरत होता.

१९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की दोष काचेचा नाही, काचेतल्या घाणीचा आहे. वीस मीटरनंतर जेवढा उजेड उरतो तेवढा एक किलोमीटरनंतर उरेल इतकी शुद्ध काच कोणी आणून दिली, तर धाग्यावरून जगभर बोलता येईल. याच कामासाठी काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. कपानींना ते मिळाले नाही. त्यांना आपल्या देशाने पद्मविभूषण दिले ते २०२१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. आम्ही शिक्षकांनी त्यांचे नाव वर्गात किती वेळा घेतले, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारते.

काव यांचे आव्हान ऐकून बहुतेक लोक नेहमीचीच काच आणखी साफ करायला लागले. कॉर्निंगमधल्या रॉबर्ट माउरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ या तिघांनी मात्र उलटा रस्ता धरला. त्यांच्या घरातच हाईड यांची पांढऱ्या काजळीची जुनी युक्ती पडून होती. घाण काढत बसण्यापेक्षा ती येऊच न देणारी. त्यांनी तीच वाफ, तीच ज्योत घेतली, काजळी एका काचेच्या नळीच्या आतून धरली आणि ती नळी तापवून ओढून तिचा धागा केला. १९७० मध्ये त्यांच्या धाग्यात एक किलोमीटरनंतर दोन टक्के उजेड उरला. काव यांनी मागितला होता एक टक्का. आजच्या धाग्यात किलोमीटरमागे पंचाण्णव टक्क्यांहून जास्त उरतो.

म्हणजे हाईड यांच्या अर्जापासून छत्तीस वर्षे. आणि इथे पेटंटबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे याबद्दल फार गैरसमज आहे. पेटंट म्हणजे गुपित राखण्याचा परवाना, असे बहुतेकांना वाटते. ते नेमके उलट आहे. आमच्या एक खालाजान होत्या. त्यांच्या बिर्याणीच्या मसाल्याचे प्रमाण त्यांनी सुनेलाही सांगितले नाही. त्या गेल्या आणि मसालाही गेला. पेटंट घेणाऱ्याला मात्र आपली युक्ती पायरी-पायरीने, दुसऱ्या जाणकाराला करता येईल अशी, लिहून द्यावी लागते आणि ती जगजाहीर होते. बदल्यात ठरावीक वर्षे तिच्यावर त्याचा हक्क राहतो. आपल्या देशात आज ही मुदत अर्जापासून वीस वर्षे आहे. अमेरिकेत त्या वेळी मंजुरीपासून सतरा होती.

सतरा वर्षांचा हिशेब करा. १९४२ मध्ये मिळालेले पेटंट १९५९ मध्ये संपले. त्या काचेतून लांब पल्ल्याचा उजेड जायला अजून अकरा वर्षे होती. तसाही हक्क हाईड यांच्याकडे नव्हता, तो नोकरीच्या रिवाजाप्रमाणे कंपनीच्या नावे होता. ज्या काचेवर पुढे सगळ्या जगाचे बोलणे चालले, तिचा खरा उपयोग सुरू झाला तेव्हा त्या कागदावर कोणाचाच हक्क उरला नव्हता. उरले होते ते लिहून ठेवलेले. शंभराहून जास्त पेटंटांवर या माणसाचे नाव आहे आणि तरीही आपण ते ऐकलेले नाही.

त्या धाग्याची किंमत आमच्या कोकणातल्या घरांना एकदा चांगलीच कळली होती. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या आणि भारत व आखाती देशांतले इंटरनेट मंदावले. आमच्या मोहल्ल्यात ज्यांचे बेटे, दामाद दुबई-कुवेतला आहेत त्या बाया कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्याशी भांडत होत्या. त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत की हजारो मैलांवर समुद्राच्या तळाशी केसाएवढी काच तुटली आहे. ती काच त्याच कुळातली, वाफेतून निघालेली.

हे सगळे मी जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गात सांगितले. दोन तास गेले, अभ्यासक्रम मागे पडला. बाटलीवाल्या मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "टीचर, हाईडना कळलं का शेवटी? त्यांच्या काचेचं काय झालं ते?"

ते ९६ वर्षांचे होऊन १९९९ मध्ये गेले, हे मी तिला सांगितले. तोवर समुद्राखालून काचेचे धागे मुंबईला येऊन पोचले होते. तिने ते वर्ष वहीत लिहून घेतले.

दोन्ही बाटल्या आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत. ग्लासवूलचे पैसे मात्र अर्ध्या हॉलपुरतेच जमले होते. स्टेजकडची बाजू झाली, दाराकडची राहिली. मुली आता हॉलमध्ये शिरल्या की आधी छताकडे बघतात आणि मग जागा धरतात.